हजेरीपटावरचं दहावं नाव

सुट्टी संपली. जानेवारीचा पहिला सोमवार,
शेटलंडमधलं आमचं बेट, आणि शाळेची घंटा झाली तरी
बाहेर जेमतेम झुंजुमुंजू.
मुलं घरून निघतात तेव्हा तर मिट्ट काळोख,
म्हणून कपाळाला दिवे बांधून येतात.
दारात दिवे विझतात, ओले बूट आडवे-तिडवे पडतात,
आणि सगळ्यांना एकदमच काहीतरी सांगायचं असतं.

जोमारचा दात पडला, बोटीवर,
बाबांच्या चहाच्या मगात.
थोराला आता बुटांच्या नाड्या बांधता येतात;
तिने त्या एकमेकींना बांधल्यात.
मॅग्नीने वादळात उडालेलं खुराडं शोधून काढलं,
कोंबड्यांसकट. एक कोंबडी अजून रागावलेली आहे.
रास्मी काही सांगत नाही.
नवी पेन्सिल दाखवतो
आणि कुणी हात लावायच्या आत खिशात घालतो.

फळ्याशेजारी एक पाटी आहे: 'आम्हाला जमलं'.
मागल्या सत्राचे कागदी तारे मी कालच उतरवले.
खाली गोंदाचे पिवळे ठिपके राहिले.
दर वेळी ती पाटी कोरी करताना
चोरी केल्यासारखं वाटतं.
बावीस वर्षं झाली, हे कुणाला बोलले नाही.

नऊ नावं. मागल्या वर्षी तेरा होती.
मी वाचत गेले, ते 'हजर, हजर' म्हणत गेले,
आणि पट मिटायच्या बेतात ओस्लाने विचारलं,
"आणि सूर्य?"
सहा वर्षांची पोर. थट्टा नव्हती ती.
मी तोंड उघडेपर्यंत सगळी खिडकीशी.

नवाला सात मिनिटं होऊन गेल्यावर
फेरीच्या धक्क्यापलीकडे, पाण्याच्या काठाला
नारिंगी चीर पडली.
"उशीर," मॅग्नी म्हणाला, हुबेहूब त्याच्या आईच्या आवाजात.
मी लिहून टाकलं. नऊ नावांखाली दहावं,
शाईने. तपासणीला कुणी आलं तर
काय सांगायचं ते तेव्हा बघू.

मंगळवार: गैरहजर.
बुधवार: गैरहजर, चिठ्ठीसुद्धा नाही.
गुरुवारी असा वारा की फेरी गैरहजर, दूध गैरहजर,
आणि छपराचा एक पत्रा रजेवर जायच्या तयारीत.
"आजारी असेल," ओस्ला म्हणाली.
"त्याला ताप तर कायमचाच," थोरा.
यावर पाच मिनिटं हसणं. वजाबाकी राहून गेली.

खरं तर राहिली नव्हती.
दुसऱ्या सोमवारी मी कुलूप काढलं
तर रास्मी पायरीवर, दिवा अजून कपाळावर.
आत येऊन तडक खिडकीच्या चौकटीशी गेला
आणि लाकडावर पेन्सिलीने लिहिलं: ८.५८.
आजोबांच्या भरती-ओहोटीच्या वहीत
सूर्याच्याही वेळा असतात म्हणे,
पण ती वही डिसेंबरात संपली.
पुढचं त्याने स्वतःच काढलं होतं, थोडं थोडं कमी करत.

आभाळ त्या दिवशी धुतलेलं.
आठ सत्तावन्न. कुणी शिंकलंही नाही.
आठ अठ्ठावन्न.

मग जो काही कल्ला झाला!
घंटेआधी आला म्हणून तारा कुणाला द्यायचा,
तर मुलांनी हात वर करून ठरवलं: सूर्याला.
रास्मीचाही हात वर होता, सगळ्यांत उंच.
वर्षाचा पहिला तारा पाटीवर लागला,
पहिल्यांदाच वेळेवर आलेल्याच्या नावाने.
ते योग्यच झालं, असं मला वाटतं. बहुतेक.

पण मी बघत होते तो आठ.
नाताळापर्यंत रास्मीचा आठ म्हणजे
एकावर एक ठेवलेली दोन शून्यं,
वरचं नेहमी घसरायला आलेलं.
हा मात्र एका दमात काढलेला,
पेन्सिल न उचलता, कमरेत वळून
जिथून निघाला तिथे परत आलेला. दोनदा.

शुक्रवारी विल्मा झाडू-फडकं घेऊन येते.
खिडकीला हात लावू नकोस,
एवढंच तिला सांगून ठेवलंय.